जिज्जी आणि आभारांचं पान

कुणाचाही फोन वाजला की जिज्जी उठून खोलीबाहेर जायच्या. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच खुर्चीवरून, हातातला चहाचा कप तसाच घेऊन. फोन दूधवाल्याचा असो की कुणाच्या जावयाचा, त्यांना फरक पडत नसे. माझ्यासमोर हे पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं, बाईंना काहीतरी आठवलं असेल, गॅसवरचं दूध वगैरे. बोलणं संपवून बघतो तर त्या गॅलरीत उभ्या, समोरच्या छपरावरच्या माकडाकडे बघत.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"हो. बायकोचा होता."

"मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या आणि परत येऊन बसल्या.

त्यांचं नाव कुमुद शेवडे, पण ग्वाल्हेरात नया बाजारपासून इंदरगंजपर्यंत मराठी-हिंदी सगळे त्यांना जिज्जीच म्हणत. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही ते विचारायची कुणाची छाती नव्हती. नोकरी टेलिफोन खात्यात, ट्रंक ऑपरेटरची. आजकालच्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा ग्वाल्हेरहून मुंबईला बोलायचं तर आधी कॉल बुक करायचा, तासन्‌तास वाट बघायची, मग एक्स्चेंजमधली बाई दोन्हीकडची लाइन जोडून द्यायची. ती बाई म्हणजे जिज्जी. आवाज नीट पोचतोय की नाही हे बघायला ऑपरेटरला मध्ये ऐकावंच लागे. त्यामुळे लश्कर या आमच्या भागातल्या निम्म्या मराठी घरांची लग्नं, भांडणं, आजारपणं आणि वाटण्या त्यांच्या कानावरून गेल्या होत्या. त्यातलं एक अक्षर बाहेर आलं नाही.

एकदाच त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, तीही नावं गाळून. "शेजारच्या वहिनी पेढे घेऊन आल्या. मुलीचं पक्कं झालं म्हणून. आणि दुपारीच मुलाच्या काकांचा कॉल मी जोडला होता, की हे स्थळ नको, कळवून टाका. आता मी काय करू? पेढा खाल्ला. छान आहे म्हटलं. तो पेढा अजून इथे आहे बघ, अवि." त्यांनी गळ्याला हात लावून दाखवला. हसत होत्या, पण मला काही हसू आलं नाही.

मग एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, ट्रंक बोर्ड गुंडाळलं गेलं, पुढे खातं जाऊन कंपनी आली. रोज नवं परिपत्रक निघे आणि प्रत्येकाच्या माथ्यावर एकत्रीकरण आणि पुनर्रचना हे दोन शब्द असत. जिज्जी म्हणत, "एकत्र करतो म्हणाले ना, की आधी आपली खुर्ची कुठे आहे ते बघून ठेवायचं." त्यांची खुर्ची तक्रारींच्या खिडकीत गेली. जास्तीच्या ठरलेल्या बायकांना कंपनीने कॉम्प्युटर शिकवायला पाठवलं. बाकीच्या जणी तिथे स्वेटर विणून आल्या. जिज्जी खरंच शिकून आल्या.

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. जिज्जी इंटरनेटवरच्या एका जाळ्याला लागल्या. त्या जाळ्याचं खरं नाव मी देत नाही, आम्ही त्याला नुसतं जाळंच म्हणायचो. जगभरच्या हौशी लोकांनी आपापले कॉम्प्युटर त्याला जोडून ठेवलेले. तुम्ही काही वाचायला, लिहायला गेलात की तुमचा निरोप सरळ न जाता अशा तीन अनोळखी कॉम्प्युटरांतून फिरून जाई, म्हणजे कोण कुठे गेलं ते कुणालाच कळू नये. या मधल्या प्रत्येक कॉम्प्युटरला रिले म्हणत. जिज्जी ते पाकिटं घेऊन समजावत. पत्र एका पाकिटात, ते दुसऱ्यात, ते तिसऱ्यात. "पहिल्याला कळतं कोण बोलतंय, पण कुणाशी ते नाही. शेवटच्याला कळतं कुणाशी, पण कोण ते नाही. आणि मधला बिचारा, त्याला काहीच पता नाही. मला बोर्डावर दोन्ही टोकं कळायची रे. तेच वाईट होतं. इथे कुणालाच कळत नाहीत. हे ज्याने काढलं ना, त्याचे पाय धुऊन तीर्थ घ्यावं."

मी या सगळ्यात पडलो तो मराठीमुळे. माझा इंदरगंजला छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची आमंत्रणं, मराठी मंडळाची गणपतीतली स्मरणिका. मंडळाचा चिटणीसही मीच, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. जाळ्याच्या प्रोग्रॅमवर सगळी इंग्रजी बटणं होती, ती जिज्जींना मराठी करून हवी होती. "तुला शब्द जुळवता येतात, ये," एवढंच म्हणाल्या. मी गेलो आणि पुढची पाच वर्षं अडकलो.

प्रोग्रॅम लिहिणारे कुठे कुठे दूर बसलेले. त्यांना जिज्जींनी कधी पाहिलं नाही, त्यांनी जिज्जींना पाहिलं नाही. जिज्जी त्यांना खात्यातल्या इंग्रजीत पत्रं लिहीत, प्रत्येक वाक्यात एक 'कृपया'. त्यातला एक जण तर बरीच वर्षं समजत होता की हा कुणी तिशीतला कडक माणूस आहे. नवी आवृत्ती काढायची, म्हणजे रिलीज करायची, तर काय तयार आहे, काय राहिलंय, कोण नुसतं 'उद्या देतो' म्हणतोय, ही यादी ठेवायचं काम कुणालाच नको होतं. ते हळूहळू जिज्जींकडे आलं. त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयाशेजारी एक पुठ्ठा टांगलेला असे. त्यावर एका बाजूला रिलीजची कामं आणि दुसऱ्या बाजूला लाइट जाण्याच्या वेळा. नया बाजारची लाइट ज्या दिवशी जास्त जाणार त्या दिवशी जगातली ती आवृत्ती निघत नसे. हे त्या परदेशातल्या पोरांना कधी कळलं नाही.

ज्या रिलीजबद्दल सांगायचंय ती मोठी होती. तोवर जाळं वापरायचं तर तीन वेगळे प्रोग्रॅम टाकावे लागत. एक जोडणारा, एक चालू-बंद करणारा, एक पानं दाखवणारा. अर्धे लोक तिथेच कंटाळून सोडून देत. ते तिन्ही एकत्र करून एकच करायचा होता, मराठी आणि हिंदी बटणांसकट. सगळं तयार झालं, तारीख ठरली, आणि जिज्जींनी रिलीज अडवली. त्यांना दिसलं की प्रोग्रॅम बंद केल्यावरही कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात, आपण काय काय उघडलं होतं त्याची एक फाइल शिल्लक राहते. दूरच्या पोरांनी लिहिलं, लहानशी गोष्ट आहे, पुढच्या वेळी बघू. जिज्जींनी उत्तर लिहिलं ते मी शेजारी बसून वाचलं: कृपया लक्षात घ्यावे, जिचा नवरा मागून येऊन कॉम्प्युटर उघडून बघतो त्या बाईसाठी ही लहानशी गोष्ट नाही.

मी म्हटलं, "जिज्जी, उदाहरण छान दिलंत."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि पुठ्ठ्यावरची तारीख खोडली. रिलीज गणपतीवर गेली. मला तेव्हा ते उदाहरणच वाटलं होतं.

रिलीजइतकंच महत्त्वाचं दुसरं काम म्हणजे रिले चालवायला माणसं मिळवणं. फुकट काम, कॉम्प्युटर कायम चालू ठेवायचा, आणि शेवटचा रिले चालवणाऱ्याच्या डोक्याला भलताच ताप. कारण जाळ्यातून कुणी वावगं काही केलं तर समोरच्याला पत्ता दिसतो तो शेवटच्या रिलेचा. म्हणजे विचारणा तुमच्या दारात. यासाठी माणसं कशी मिळवायची? जिज्जी कुंकवाचा करंडा घेऊन निघत. अगदी खरं सांगतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला मुरारपर्यंत सवाऱ्यांच्या टेम्पोने जात, ओळखीच्या घरात शिरत, बाईला कुंकू लावत आणि कॉम्प्युटर कुठे ठेवलाय ते विचारत. पण चहा येईपर्यंत चांगलं काही बोलत नसत. आधी सगळी भीती सांगत. पोलीस येऊ शकतात, इंटरनेटवाले लाइन कापू शकतात, शेजारी नावं ठेवतील. मी एकदा म्हटलं, "जिज्जी, अशाने कोण हो म्हणेल?"

"सगळं ऐकून जो हो म्हणतो तोच आपला. बाकीच्यांना मी कुंकू लावून आले, ते काही वाया जात नाही."

अशी दहा-बारा माणसं जमली. एक निवृत्त स्टेशनमास्तर, एक दाताचे डॉक्टर, दोघी-तिघी शिक्षिका, आणि मुरारच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी एक अबोल बाई. तिला मी इथे सुधा पारखी म्हणतो. नाव, आडनाव, लॅब, यातलं काहीही खरं नाही.

या सगळ्यांची एक बैठक जिज्जींनी रिलीजच्या महिनाभर आधी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये घेतली. तासभर बोलल्या. आपला पत्ता कुठे देऊ नका, आपण कोण ते गरजेपेक्षा जास्त कुणाला सांगू नका, नाव विचारलं तर आधी का ते विचारा. सगळे माना डोलावत होते. आणि हॉलच्या दारात, जिथे वर्षानुवर्षं असतं तिथेच, मंडळाचं रजिस्टर ठेवलेलं होतं, दोरीला बांधलेल्या पेनासकट. आमच्या मंडळात भजन असो, श्रद्धांजली असो की आरोग्य शिबिर, आत येणारा माणूस आधी रजिस्टरमध्ये नाव आणि मोहल्ला लिहितो. चप्पल काढतो, नाव लिहितो, आत जातो. त्या दिवशीही सगळ्यांनी लिहिलं. पहिली सही स्वतः जिज्जींची होती.

आता माझी करामत. गणपतीची स्मरणिका छापायला घेतली तेव्हा एक पान रिकामं राहत होतं. मला वाटलं, आपल्या मंडळातली माणसं एवढं जगभरचं काम करतात, त्यांचं कौतुक कोण करणार? रजिस्टर उघडलं आणि सुंदर चौकट टाकून पान जुळवलं. 'महाजालातील आमचे स्वयंसेवक: मंडळ यांचे आभारी आहे.' खाली सगळी नावं, मोहल्ल्यांसकट. पुरुषांना श्री., जिज्जींना श्रीमती आणि बाकीच्या बायकांना सौ. सुद्धा आठवणीने लावलं. जिज्जींना मी मुद्दाम दाखवलं नाही, कारण त्यांना आनंदाचा धक्का द्यायचा होता. छापून झालं, बाहेरगावच्या मंडळांना प्रती पोस्टाने गेल्या, आणि पहिल्या आरतीला हॉलमध्ये वाटपही झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छापखान्याचं शटर वर करतोय तोच जिज्जी समोर. नया बाजारहून चालत आलेल्या. हातात स्मरणिका, मध्ये बोट घालून धरलेली. मला वाटलं, कौतुक करायला आल्या.

"ही नावं तुला कुणी दिली?"

"रजिस्टरमधून घेतली."

त्या स्टुलावर बसल्या. मग सगळं सांगितलं. सुधाने तीन वर्षांपूर्वी इंदूरचं घर सोडलं होतं. नवरा मारत असे, आणि तिने कुणाला काय लिहिलं ते रोज तिचा कॉम्प्युटर उघडून तपासत असे. पहिल्यांदा ती बहिणीकडे गेली तर तिथून घेऊन गेला. दुसऱ्यांदा मैत्रिणीकडे, तिथूनही. तिसऱ्यांदा ती ग्वाल्हेरला आली आणि कुठे आहे ते सख्ख्या आईलाही सांगितलं नाही. आईशी, वकिलाशी बोलायची ती जाळ्यातूनच. जिज्जींनीच तिला ते शिकवलं होतं. आपल्याला उपयोग झाला म्हणून तीही रिले चालवायला लागली. आणि मी तिचं माहेरचं नाव, पुढे सौ. लावून, मुरार असा पत्ता देऊन, चौकटीत छापलं होतं. प्रती इंदूरलाही गेल्या होत्या. तिथल्या मंडळात तिच्या सासरच्या माणसांचं जाणं-येणं होतं.

मी म्हटलं, "जिज्जी, तिला कळूच द्यायचं नाही. आपण प्रती गोळा करू, विषय संपवू."

"चल, उठ. आधी तिला सांगायचं, मग बाकीचं," जिज्जी म्हणाल्या. "आणि तू छापलंस, तू सांगशील."

आम्ही टेम्पोत बसून मुरारला गेलो. लॅबच्या मागच्या खोलीत सुधा नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मी काय आणि कसं बोललो ते मला आठवत नाही. तिने हातमोजे काढले, स्मरणिका मागितली, पान वाचलं. रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "आजवर माझं नाव कुठे छापून आलं नव्हतं." मग जिज्जींना विचारलं, "किती दिवस आहेत माझ्याकडे?"

"माहीत नाही, बेटा. आजपासूनच धर. आणि चूक एकट्या याची नाही. रजिस्टर मी उचलून ठेवायला हवं होतं. मीच पहिली सही केली."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, आता घरोघर जाऊन प्रती मागून घेऊ. जिज्जी थांबल्या. "मागितल्यास तर प्रत्येक जण आधी उघडून बघेल, काय आहे म्हणून. असं नाही चालणार." त्यांनी येणाऱ्या टेम्पोला हात केला. मग विचारलं, "प्रमुख पाहुणे कोण आहेत यंदा? त्यांच्या नावाआधी काय छापलंयस?"

"डॉक्टर."

"तू ते विसरलास."

"नाही, छापलंय ना..."

"विसरलास," त्या म्हणाल्या. "पाहुणे रागावलेत. म्हणून नवी प्रत. जुनी द्या, नवी घ्या. आपल्या लोकांचं तुला माहीत नाही का? मानाची चूक झाली म्हटलं की कुणी पान उलटून बघत नाही, तोंडाने तुला शिव्या देतात आणि हाताने प्रत देतात."

तसंच झालं. मी दोन दिवसांत दुसरी स्मरणिका काढली. आभारांच्या पानाच्या जागी काय टाकायचं ते मला सुचेना, जिज्जी म्हणाल्या, उकडीच्या मोदकांची कृती टाक. मग पिशव्या घेऊन आम्ही दोघं नया बाजारातून निघालो ते पार मुरारपर्यंत घर अन् घर फिरलो. प्रत्येक दारात मी ऐकून घेतलं. "चिटणीस आहात ना तुम्ही?" "पाहुण्यांची पदवी विसरता म्हणजे कमाल आहे!" एका काकांनी तर चष्मा लावून मला शुद्धलेखनावर पाऊण तास सुनावलं, पदवी जुन्या प्रतीत जशीच्या तशी होती, पण ते बघायचं त्यांना सुचलं नाही. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत आजही मी तोच, पाहुण्यांचं डॉक्टर खाणारा. लग्नपत्रिका दुसरीकडे छापायला गेलेली घरं मला माहीत आहेत. खरं काय ते सांगता येत नव्हतं, आणि मला तेव्हा त्याचा रागही येत होता, तो मी लपवणार नाही.

याच आठवड्यात जाळ्याची रिलीज होती. मराठी बटणं, तिन्ही प्रोग्रॅम एकत्र, नऊ महिन्यांचं काम. शेवटचा 'काढा' हा निरोप जिज्जींनीच द्यायचा होता. त्यांनी दूरच्या पोरांना दोन ओळी लिहिल्या: कृपया माझी वाट पाहू नये. कारण विचारू नये. पोरांनी वाट पाहिली नाही. रिलीज निघाली, चांगली चालली, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्याकडेही पुनर्रचना झाली. यादी ठेवायला एक समिती नेमली. जिज्जींना त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं. ते वाचून त्या म्हणाल्या, "बघ, इथेही खुर्ची गेली." पुठ्ठा मात्र त्यांनी तसाच टांगून ठेवला, लाइट जाण्याच्या वेळांसाठी.

ग्वाल्हेरच्या सगळ्या प्रती मिळाल्या. बाहेरगावच्याही पत्रं लिहून परत मागवल्या. इंदूरला तीन गेल्या होत्या, त्यातल्या दोन आल्या.

सुधा अनंत चतुर्दशीच्या आत ग्वाल्हेर सोडून गेली. जाण्याआधी जिज्जींकडे आली होती, मीही तिथेच होतो. ती सांगायला लागली, "मी आता इथून..." आणि जिज्जींनी चक्क हात पुढे करून तिच्या तोंडावर ठेवला. "मला नको सांगूस. यालाही नको. कुणालाच नको." सुधा म्हणाली, निदान पोचल्याचं तरी कळवते. जिज्जी म्हणाल्या, तेही नको. मग त्यांनी तिची ओटी भरली, शिदोरी बांधून दिली आणि दारापर्यंतच गेल्या. ती जिन्यावरून उतरून डावीकडे वळली की उजवीकडे, ते बघायलाही गॅलरीत गेल्या नाहीत. मला हे फार कठोर वाटलं. मी बोलूनही दाखवलं. त्यांनी भांडी घासायला घेतली.

दिवाळी झाल्यावर तो आला.

दुपारची वेळ होती. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ दाढी, हातात कापडी पिशवी. छापखान्याच्या दारात उभं राहून त्याने वाकून नमस्कार केला. पिशवीतून स्मरणिका काढली. इंदूरची तिसरी. आभारांचं पान उघडून त्याने एका नावावर बोट ठेवलं.

"ही माझी पत्नी. घरातून रागावून आली आहे. तिची आई आजारी आहे, म्हणून शोधतोय. तुम्ही छापलंय म्हणजे तुम्हाला ठाऊक असेल."

इतका नम्र बोलत होता, की क्षणभर माझाच विश्वास बसायला आला. मी म्हटलं, "मला माहीत नाही. इथे होत्या, गेल्या." तो हसला. म्हणाला, कुणाला माहीत असेल? मी काही सांगण्याआधीच त्याचं बोट यादीतल्या पहिल्या नावावर गेलं होतं. श्रीमती कुमुद शेवडे, नया बाजार.

मी त्याच्याबरोबर गेलो. त्याला एकट्याला जाऊ देण्याची माझी हिंमत नव्हती. जिज्जींनी त्याला बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. तो एकच प्रश्न चार प्रकारांनी विचारत राहिला. आधी आईच्या आजाराने, मग पुढे मुलंबाळं होतील या आशेने, मग पोलिसांच्या नावाने. शेवटी आवाज चढला. समोरचा स्टूल त्याने पायाने उडवला. जिज्जी हलल्या नाहीत. त्याच्याकडे सरळ बघत, हळू आवाजात प्रत्येक वेळी तेच म्हणाल्या, "मला माहीत नाही." तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. मीही बघत होतो. खोटं शोधायला गेलेल्या माणसाला तिथे काही सापडण्यासारखं नव्हतं. अर्ध्या-पाऊण तासाने त्याने स्मरणिका पिशवीत घातली आणि निघून गेला. ग्वाल्हेरात चार दिवस राहिला, लॅबमध्येही जाऊन आला असं नंतर कळलं. मग परत दिसला नाही.

तो जिना उतरल्यावर जिज्जींनी आडवा पडलेला स्टूल सरळ केला. त्याचा कप उचलायला गेल्या, तो मी घेतला. मी म्हटलं, "जिज्जी, तुम्ही तर बोर्डावर जन्मभर गुपितं सांभाळलीत. याला सांगितलं नसतंच तुम्ही."

"सांगितलं नसतं," त्या म्हणाल्या. "पण माहीत असतं तर तोंडावर दिसलं असतं, अवि. त्याने ओळखलं असतं. वहिनींनी ओळखलं होतं त्या दिवशी. पेढा खाताना त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि बघता बघता रडायलाच लागल्या. मी एक शब्द बोलले नव्हते."

एवढं बोलून त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या. मी उठून बाहेर गेलो नाही, तिथेच बसलो.

जिज्जी त्यानंतर सहा वर्षं होत्या. कुंकवाचा करंडा घेऊन माणसं मिळवायचं काम गुडघे चालेपर्यंत केलं. बैठका मात्र पुन्हा मंडळाच्या हॉलमध्ये घेतल्या नाहीत. मग एका हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापाने गेल्या. दूरच्या पोरांना मी कळवलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की त्या बाई होत्या, आणि किती वयाच्या होत्या. बरीच पत्रं आली. काहींवर नावं होती, काहींवर नव्हती. ज्यांवर नावं नव्हती ती मी दोन-दोनदा वाचली, एखाद्या ओळीत मुरार आहे का, लॅब आहे का, मोदकांच्या कृतीवर काही आहे का. मग माझं मलाच कळलं की मी काय करतोय, आणि ती पुसून टाकली.

सुधा कुठे आहे ते मला माहीत नाही. ती आहे की नाही, हेही माहीत नाही. माझ्या हातून झालेल्या चुकीचं शेवटी काय झालं एवढं तरी मला कळायला हवं होतं, असं मला रोज वाटतं. पण कुणी येऊन विचारलं, तर मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून माहीत नाही म्हणू शकतो.